चालकाशी बोलू नये

"आई, आता आणखी एकदा 'डावीकडं घे' म्हणालीस ना, तर इथंच उतरवीन तुला," वैजू म्हणाली.

इथंच म्हणजे कुठं, तर स्कॉटलंडच्या पार वरच्या टोकाला. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला डोंगर, आणि मधनं एक गाडी जेमतेम मावेल एवढा डांबराचा पट्टा. तासाभरात एक घर दिसलं होतं, त्यालाही कुलूप. इथं उतरवलं असतं तर मला चालत पाटण गाठावं लागलं असतं.

"मी कुठं काय म्हणाले?"

"हात केलास."

"हाताला तोंड असतं का?"

"तुझ्या असतं."

मागच्या सीटवर जावई, सौमित्रराव, हसले आणि लगेच खोकले. मी वळून बघितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. पुण्याचा माणूस. कुणाची बाजू घ्यायची वेळ आली की यांना खोकला येतो.

दोन हजार सोळाचा मे महिना होता. वैजू माझी एकुलती एक मुलगी, गुरांची डॉक्टर. शिरवळला शिकली, लग्न होऊन एडिंबरोला गेली, आणि तिथं तिला सगळ्या परीक्षा पुन्हा द्यायला लावल्या. आपली गाय काय आणि त्यांची गाय काय, पोटाचे कप्पे चारच. पण नाही, साहेबाला त्याचाच कागद पाहिजे. चार वर्षं घासली पोरगी. पास झाली. नोकरी मिळाली ती या टोकाला, एका लहानशा बंदराच्या गावात. पन्नास मैलांत जनावरांचा दुसरा डॉक्टर नाही. त्यांना माणूस कालच्या काल पाहिजे होता. राहायला घरही देत होते. अट एकच. गाडी चालवता आली पाहिजे, कारण गोठे या असल्या रस्त्यावर मैलामैलाला विखुरलेले.

सोमवारी हो की नाही ते कळवायचं होतं. आणि सौमित्ररावांनी नाही म्हटलं होतं. "तुला लायसन मिळून चार महिने झालेत. त्या रस्त्यावर तुझ्याच्यानं होणार नाही," असं तोंडावर सांगितलं होतं बायकोला. तीन आठवडे घरात धुसफूस. मी जाऊन पोचले तेव्हा दोघं एकमेकांशी 'मीठ दे' एवढंच बोलत होते. शेवटी वैजूनं पैज लावली. शनिवारी इन्व्हरनेसपासनं त्या गावापर्यंत अख्खा रस्ता ती चालवणार. वाटेत एकदा जरी स्टिअरिंग नवऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली, तर सोमवारी ती आपल्या हातानं 'नाही' लिहून पाठवणार. पुन्हा विषय काढणार नाही.

साक्षीदार मी. पुढच्या सीटवर, साडीवर जावयाचं जाकीट घालून, मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन.

मी एसटीत कंडक्टर. नवरा एसटीतच ड्रायव्हर होता, काविळीनं गेला. त्याच्या जागी मला घेतलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि डेपोतली पहिली बाई होते. त्याला सतरा वर्षं झाली होती. पाटण-चिपळूण, कुंभार्ली घाटातनं, रोज. "बाई, झेपंल का?" हे मी इतक्या पुरुषांच्या तोंडनं ऐकलंय. त्यातले निम्मे घाट लागला की खिडकीतनं तोंड बाहेर काढून ओकायचे. त्यांना पाणी मीच द्यायचे.

तर हा रस्ता. थोड्या थोड्या अंतरावर त्याचं पोट कडेला सुटलेलं असतं, तिथं खांबावर पांढरी पाटी. समोरनं गाडी आली की ज्याला ते पोट जवळ असेल त्यानं तिथं थांबायचं आणि दुसऱ्याला जाऊ द्यायचं. जाणाऱ्यानं हात वर करायचा, थांबलेल्यानंही करायचा. अनोळखी माणसं, पण एकजणही हात केल्याशिवाय गेला नाही. मला हे फार आवडलं. मी दोन्ही हात जोडून प्रत्येकाला राम राम घालायला लागले.

"आई, एक बोट पुरतं," वैजू म्हणाली. "स्टिअरिंगवरनं नुसतं एक बोट उचलायचं."

"एक बोट आम्ही शाळेत मुतायला जाताना दाखवायचो."

"आई!" मागनं सौमित्रराव. पण हसले. आणि त्यांच्या हसण्यावर वैजूही हसणार होती, तेवढ्यात तिला पैज आठवली आणि तिनं ओठ मिटले.

पुढं एका वळणानंतर मेंढ्या होत्या. रस्त्याच्या उजव्या अंगाला एक मेंढी चरत उभी, डाव्या अंगाला गवतात तिचं कोकरू. मधला रस्ता मोकळा. वैजूनं ब्रेक दाबला आणि गाडी उभीच केली.

"चल की," मी म्हटलं. "मोकळा तर आहे."

तिनं पाय ब्रेकवरनं काढला नाही.

"अगं, हॉर्न मार आणि काढ गाडी. मेंढरापुढं काय थांबतेस? आमचे यादव ड्रायव्हर असते तर आत्तापर्यंत..."

कोकरू उधळलं. सरळ गाडीच्या नाकासमोरनं, चारही पाय एकदम हवेत, आणि पलीकडं जाऊन आईच्या पोटात तोंड खुपसून शेपूट हलवायला लागलं.

"पिल्लू एकीकडं आणि आई दुसरीकडं असली की थांबायचं," वैजू म्हणाली. "गाडी बघून ते आईकडंच पळतं. मध्ये काय आहे ते बघत नाही."

तिनं गिअर टाकला. मी डबा उघडून उगाच धपाटी मोजली.

दुपारी घाट लागला. पायथ्याला ही एवढी मोठी पाटी. मला इंग्रजी सगळं येत नाही, पण लाल अक्षर दिसलं की मी विचारते.

"सौमित्रराव, काय लिहिलंय?"

"काही नाही, आई. चढ आहे, असं."

"एवढ्या ओळींत नुसता चढ?"

ते खोकले. "नवशिक्या चालकांनी जाऊ नये, असं आहे. आणि मोठ्या गाड्यांनी."

वैजूनं पाटीपाशी गाडी उभी केली. वर बघितलं. मीही बघितलं. रस्ता डोंगरावर असा टाकला होता जसा कुणी बैलाचा कासरा भिरकावून दिलाय. वरच्या वळणावर एक गाडी होती, ती मुंगळ्याएवढी दिसत होती. खाली खाडी चमकत होती, तिच्यात बेटं. ऊन छान पडलं होतं, कुठं कुठं काट्यांच्या झुडपांवर पिवळा बहर आला होता. असं सगळं सुंदर असताना माझं लक्ष मात्र कठड्यावरच.

"वैजे," मी म्हटलं, "एवढ्यापुरतं सौमित्ररावांना दे. घाट संपला की पुन्हा तू घे. मी काय कुणाला सांगते का?"

वैजूनं माझ्याकडं बघितलं. "तू साक्षीदार आहेस का दलाल?"

"नको, आई," सौमित्रराव म्हणाले. "तिला चालवू दे."

ज्यानं नाही म्हणायचं त्यानं असं बोलावं, याचं वैजूला नवल वाटलं असणार. तिनं आरशात बघितलं. मग पहिला गिअर टाकला.

चढली पोरगी. खरं सांगते, चांगली चढली. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. मी मात्र थांबले नाही. "दुसऱ्यावर टाक. आता पहिल्यावर. क्लच नको धरून ठेवू. कठड्याला चिकटू नको. डोंगराला चिकटू नको." मग चिकटायचं कशाला, हे मलाच माहीत नव्हतं. वैजूची मान लाल झाली होती. लहानपणी मार खायच्या आधी तिची मान अशी लाल व्हायची.

चौथं वळण घेतलं आणि पुढच्या सरळ पट्ट्यात समोर घर आलं. चाकांवरचं घर, झोपायचं, शिजवायचं, सगळं त्या गाडीतच. आपल्या निमआराम बसएवढं धूड. ते उतरत होतं, आम्ही चढत होतो. आमच्या मागचं थांबायचं पोट वळणाच्या खाली, शेदीडशे पावलांवर. त्यांच्या मागचं कुठं होतं कोण जाणे.

गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. काचेमागं एक म्हातारा, शेजारी लोकरीची टोपी घातलेली त्याची म्हातारी. म्हाताऱ्याचा चेहरा पिठासारखा पांढरा.

"घाटात चढणाऱ्याचा हक्क," मी म्हटलं. "मागं घ्यायला लाव त्याला."

"नियम इथंही तोच आहे," सौमित्रराव म्हणाले, "पण त्यांच्या मागं बघा."

मी बघितलं नाही. मी उतरले. हे माझ्या सतरा वर्षांच्या सवयीनं झालं. घाटात गाड्या अडकल्या की ड्रायव्हर जाग्यावर बसतो आणि कंडक्टर उतरून भांडतो, ही रीतच आहे. मी पदर खोचला, त्या म्हाताऱ्याच्या खिडकीवर दोन थापा मारल्या आणि स्वच्छ मराठीत सुनावलं, "ओ बाबा! घाट कळतो का तुम्हाला? चढती गाडी हाय आमची. घ्या मागं! चला, घ्या घ्या घ्या!"

भाषा कळली नाही, पण हात कळला. म्हाताऱ्यानं घाबरून खरंच रिव्हर्स टाकला. धूड मागं सरकलं, शेपूट कठड्याकडं वळलं आणि कर्रर्र करून लोखंडाला घासलं. कठड्यापलीकडं काही नव्हतं. खाडीच होती, पार खाली. म्हातारीनं डोळे मिटून घेतले. आणि तेव्हा मला त्यांच्या मागं उभ्या असलेल्या सहा गाड्या दिसल्या.

"थांबा!" वैजू ओरडली. इंग्रजीत ओरडली, मग धावत आली, म्हाताऱ्याला हातानं शांत केलं, काहीतरी हसून सांगितलं. त्यानं हँडब्रेक ओढला. मग ती माझ्याकडं वळली.

"आई, तू कोण आहेस?"

"म्हणजे?"

"गाडीत तू कोण आहेस? ड्रायव्हर का कंडक्टर?"

मी खोचलेला पदर सोडला.

"तुमच्या प्रत्येक एसटीत ड्रायव्हरच्या डोक्यावर काय लिहिलेलं असतं? वाच. पाठ आहे ना तुला."

वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये. ते वाक्य न पाळणाऱ्यांना मी घाटात भर गर्दीत झापलं होतं. एका तलाठ्याला तर केबिनजवळनं उठवून मागं पाठवलं होतं, कारण तो यादवांना 'सावकाश' म्हणाला होता. आणि सतरा वर्षांत मी स्वतः यादवांना, शिंद्यांना, कुठल्याही ड्रायव्हरला चाक कसं फिरवायचं हे एकदाही सांगितलं नव्हतं. ते पुरुष होते म्हणून नव्हे. ते ड्रायव्हर होते म्हणून.

"मी मागं घेणार आहे," वैजू म्हणाली. "आम्ही एक, ते सात. दोघं बाहेरच. सौमित्र, तू खालच्या वळणावर जाऊन चढणाऱ्या गाड्या थांबव. आई, तू माझ्या मागं. कंडक्टर रिव्हर्सला जे काम करतो तेवढंच. त्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही."

गाडीला मागं बघायचा कॅमेरा होता म्हणे, पण त्याच्यावर शेणाचा लपका बसलेला. आरसे आणि मी, एवढंच होतं तिला.

वळणाकडं जाताना सौमित्रराव माझ्याजवळ थांबले. हळूच म्हणाले, "आई, आता तरी तिला सांगू का?"

"काय?"

"ते 'नाही' माझं नव्हतं म्हणून."

आता लपवण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये वैजूनं फोनवर या नोकरीचं सांगितलं, त्याच रात्री मी जावयाला वेगळा फोन केला होता. म्हटलं, "सौमित्रराव, तुम्ही नाही म्हणा. मी म्हटलं तर ती ऐकायची नाही. नवऱ्यानं म्हटलं तर ऐकंल." हे मी म्हटलं, कुणी दुसऱ्यानं नाही. डेपोतली पहिली बाई म्हणून जिचा सत्कार झाला, तिनं. का? तर पोरगी एकटी, असल्या रस्त्यावर, असल्या वाऱ्यात. बास, एवढंच. बायकांना घरात बसवणाऱ्या सगळ्यांचं कारण एवढंच असतं, आणि मी आयुष्यभर त्यांना शिव्या घातल्या. त्या बिचाऱ्यानं सासूचा शब्द राखला आणि तीन आठवडे बायकोचा अबोला सोसला.

"वर गेल्यावर मीच सांगते," मी म्हटलं. "पळा तुम्ही वळणावर."

मग मी गाडीच्या मागं गेले. कठड्याच्या बाजूला उभी राहिले, म्हणजे ती चुकली तर आधी मी. डिकीच्या पत्र्यावर थाप मारली.

"येऊ दे! येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

हा माझा खरा आवाज. घाटात धुकं असलं की बसच्या मागं उभी राहून लावायचे तो. डोंगरावर आपटून परत आला. वरच्या सहा गाड्यांतली माणसं काचा खाली करून बघायला लागली. वैजू माझ्या आवाजावर गाडी आणत होती, इंचाइंचानं, मान वळवून. थाप, येऊ दे. थाप, येऊ दे. वळणावर मागचं चाक कठड्याला हातभर राहिलं. माझ्या घशाशी 'डावीकडं' आलं होतं. गिळलं. तिनं थांबून, स्वतः बघून, चाक फिरवलं. गाडी वळली. खाली सौमित्रराव दोन्ही हात पसरून एका मोटरसायकलवाल्याला अडवून उभे होते, जाकिटाविना गारठलेले. ते जाकीट माझ्या अंगात होतं.

"येऊ दे, येऊ दे... बास!"

पोटात शिरली गाडी. सरळ, पट्टीनं आखल्यासारखी.

धूड उतरत आलं. म्हाताऱ्यानं काच खाली केली, वैजूला काहीतरी म्हणाला, आणि त्याच्या म्हातारीनं मला हवेत पापी दिली. पाठोपाठ सहा गाड्या. प्रत्येकानं हात वर केला. वैजूनं प्रत्येकाला स्टिअरिंगवरनं एक बोट उचललं. नुसतं एक. तिथंच जन्मल्यासारखं.

वर पोचलो तेव्हा वारा असा होता की धपाटं हातातनं उडालं. चारी बाजूंना समुद्र आणि डोंगर, लांबच्या शिखरांवर मेमध्येही बर्फाचे डाग. सौमित्रराव फोटो काढायला निघाले, मी म्हटलं थांबा.

"वैजे, यांचं 'नाही' माझं होतं. मी फोन करून म्हणायला लावलं."

ती पाण्याची बाटली उघडत होती. तशीच राहिली. नवऱ्याकडं बघितलं. "खरं?"

"मला वाटलं, आईंचं मन मोडायला नको," सौमित्रराव म्हणाले.

"आणि माझं?"

या वेळी सौमित्ररावांना खोकलाही आला नाही.

"तीन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही."

"हो."

"आणि तू रोज सकाळी मला डबा करून देत होतास."

"हो."

"गाढव," ती म्हणाली. पण ते लाडानं. मला गाढवसुद्धा म्हणाली नाही. उठली, दगडांवरनं लांब चालत गेली, पाठ आमच्याकडं. मला वाटलं रडतेय. पाच मिनिटांनी आली, तेव्हा हातात फोन होता.

"हो म्हणून सांगून टाकलं मी. सोमवारी कळवायचं नाही आता," ती म्हणाली. "सोमवारी रुजू व्हायचं. तुझं विमान कधीचं आहे?"

"सत्तावीस तारखेचं."

"मग तोवर इथंच. रोज माझ्याबरोबर फिरायचं, मागच्या सीटवर. आणि तोंडातनं शब्द नाही. ना गाडीत, ना गोठ्यात."

"ही काय शिक्षा झाली?"

"हो. शिक्षाच आहे."

सौमित्रराव म्हणाले, "मला?"

"तू एडिंबरोला जा, नोकरी कर आणि दर शुक्रवारी हा घाट चढून ये. स्वतः चालवत."

ते पांढरेफटक झाले. अजूनही होतात, नऊ वर्षं झाली तरी.

मंगळवारी पहिला गोठा. एका गाईचं वासरू अडलं होतं. जाताना रस्त्यात दोन वेळा मला पदराचं टोक दातात धरावं लागलं, पण बोलले नाही. गोठ्याचा मालक लालबुंद, दरवाजाएवढा माणूस. वैजू खांद्यापर्यंत हात घालून वासराचे पाय शोधत होती. मी भिंतीशी साडीत उभी. वासरू आलं, ओलं, लडबडलेलं, आणि त्यानं डोकं हलवलं तेव्हा तो माणूस खुशीत माझ्याकडं आला, हात पुढं केला आणि लांबलचक काहीतरी विचारलं. मी तोंड उघडलं.

"ती माझी आई," गाईच्या मागनं वैजू म्हणाली, "ती बोलत नाही."

एवढं इंग्रजी मला कळतं. त्या माणसाचा चेहरा दयेनं भरून आला. त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि मान हलवत राहिला. मीही हलवली.

दर दोन वर्षांनी मी जाते. तो अजून मला मुकीच समजतो. मी दिसले की हातवारे करून विचारतो, बरी आहेस का? मी पोटावर हात ठेवून, मग आभाळाकडं हात करून सांगते, एकदम बरी. आणि तिकडं गोठ्यात माझी मुलगी, गाईच्या मागं तोंड लपवून, हसून हसून मरत असते.